सहा तारांचा साधक : फ्रान्सिस्को तारेगा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवून पाहा. मोबाईल नुकताच आपल्या गावांत येऊ लागला होता. बस स्टँडवर, कचेरीत, लग्नाच्या मांडवात, एवढेच काय पण कीर्तन रंगात आलेले असतानासुद्धा कुठून तरी एकच धून वाजायची आणि दहा जण एकदम खिशाला हात लावायचे. नोकियाची ती धून ऐकली नाही असा माणूस आपल्या चिकोडी-निपाणी भागात शोधूनही सापडणार नाही. मात्र ती धून कुणाची, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती मोबाईल कंपनीत बसून कुणी तयार केलेली नाही. स्पेन देशातल्या एका गिटारवादकाने १९०२ साली रचलेल्या 'ग्रान वाल्स' नावाच्या रचनेतला तो एक छोटासा तुकडा आहे. त्या वादकाचे नाव फ्रान्सिस्को तारेगा. गिटार नुसत्या बोटांनी वाजवण्याची कला आज जगभर ज्या रूपात शिकवली जाते, त्या रूपावर या माणसाचा फार मोठा ठसा आहे. त्याचे आयुष्य आपल्या वाचकांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी वाद्याविषयी थोडेसे. आपल्याकडे गिटार म्हटले की सिनेमातला नायक डोळ्यांपुढे येतो. हातात प्लास्टिकची छोटी पट्टी धरून सगळ्या तारांवरून हात फिरवायचा आणि गाण्याला साथ द्यायची. गोव्यातही मांडो-दुलपदांच्या बैठकीत गिटार साथीलाच असते. पण गिटारचा आणखी एक घाट आहे. त्यात पट्टी नसते, नखीही नसते. उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वरांच्या जाड तारा सांभाळतो आणि तर्जनी, मधले बोट व अनामिका वरच्या बारीक तारा छेडतात. करंगळी बहुधा मोकळीच राहते. अंगठा आधार धरतो, वरची बोटे गाणे गातात आणि मधल्या तारांवर भरणा होतो. तंबोरा, गाणारा आणि पेटीवाला या तिघांचे काम एकाच माणसाने एका हातात घ्यावे, तसा हा प्रकार. डोळे मिटून ऐकले तर दोन माणसे वाजवत आहेत असे वाटते.

फ्रान्सिस्कोचा जन्म २१ नोव्हेंबर १८५२ रोजी स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ, कास्तेयोन प्रांतातल्या विलारेआल या गावी झाला. पाटाच्या पाण्यावर पिकणारा तो मुलूख. आपल्याकडे ऊस तशा तिकडे संत्र्याच्या बागा. वडील एका मठात राखणदार होते. घरची परिस्थिती बेताची, पण वडिलांना गिटारचा नाद होता. ते कामावर गेले की हा पोरगा हळूच त्यांची गिटार काढायचा आणि त्यांच्या हातून ऐकलेले सूर आपल्या बोटांतून निघतात का, ते पाहत बसायचा.

लहानपणीच त्याच्यावर एक संकट आले. सांभाळणाऱ्या बाईच्या हातून निसटून पळताना तो पाटात पडला आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. नजर कायमची जाते की काय, अशी धास्ती वडिलांना बसली. पोरगा आंधळा झाला तर पोट कशावर भरणार? त्या काळी अंधांना एकच धंदा खुला होता, तो म्हणजे गाणेबजावणे. वडिलांनी बिऱ्हाड कास्तेयोन शहरात हलवले आणि मुलाला संगीत शिकायला घातले. त्याचे पहिले दोन्ही गुरू, एउजेनी रुईझ आणि मानुएल गोन्सालेस, स्वतः अंध होते.

ही हकीकत वाचताना आपल्याला जवळचे उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर! दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने त्यांचे डोळे अधू झाले. पुस्तकी शिक्षण बंद पडले म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला पाठवले आणि त्यातून पुढे गांधर्व महाविद्यालयासारखी संस्था उभी राहिली. तारेगा पलुस्करांपेक्षा वीस वर्षांनी मोठे. या दोघांना एकमेकांचे नाव माहीत असण्याचे काही कारण नव्हते. पण कृष्णाकाठी आणि स्पेनच्या किनाऱ्यावर दोन बापांना पडलेली काळजी एकच होती, आणि तिच्यावर दोघांनी काढलेला तोडगाही एकच होता.

१८६२ साली हुलियान आर्कास हा त्या काळचा नामवंत गिटारवादक कास्तेयोनला आला. त्याने या मुलाचे वादन ऐकले आणि त्याला आपल्याकडे बार्सिलोनाला पाठवा, असा सल्ला वडिलांना दिला. वडील तयार झाले, मात्र त्यांनी एक अट घातली. मुलाने गिटारबरोबर पियानोही शिकला पाहिजे. कारण उघड होते. पियानोवाल्याला कुठेही चार पैसे मिळत. गिटार म्हणजे गुत्त्यात आणि न्हाव्याच्या दुकानात वाजणारे वाद्य, अशीच लोकांची समजूत होती.

पण आर्कास लगेचच परदेश दौऱ्यावर निघून गेला आणि दहा वर्षांचा फ्रान्सिस्को त्या मोठ्या शहरात गुरूविना राहिला. तो राहत्या जागेतून पळाला आणि कॉफीच्या दुकानांत, खानावळींत गिटार वाजवून पैसे मिळवू लागला. वडिलांनी शोधून घरी आणले. १८६५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो पुन्हा पळाला. या वेळी वालेन्सियाला जाऊन जिप्सींच्या टोळीत सामील झाला. वडिलांनी पुन्हा आणले, आणि हा गडी तिसऱ्यांदा पळाला! गाण्यासाठी घर सोडण्याचे वेड आपल्याला नवे नाही. खुद्द बाळकृष्णबुवा विद्येसाठी वणवण करत ग्वाल्हेरपर्यंत पोचले होते. फरक एवढाच की बुवांना पुढे गुरू लाभला. या मुलाला बरेचसे रस्त्यावरच शिकावे लागले. अखेर घरच्या ओढगस्तीपायी तो परतला, तेव्हा पियानो आणि गिटार या दोन्ही वाद्यांवर त्याचा हात बसलेला होता.

आंतोनियो कानेसा या धनिक व्यापाऱ्याने या तरुणाचे गुण हेरून त्याला आश्रय दिला. १८६९ साली तारेगा सेव्हिल शहरी गेले आणि तिथे त्यांनी आंतोनियो दे तोरेस या कारागिराची गिटार घेतली. या तोरेसची ओळख करून घेतल्याशिवाय तारेगांची गोष्ट पुरी होत नाही.

त्यापूर्वीची गिटार लहान आणि किरट्या आवाजाची असे. तोरेसने तिचे पोट मोठे केले, पुढची फळी पातळ केली आणि त्या फळीला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. आवाज पुढच्या फळीतून येतो, बाकीचे लाकूड दुय्यम, असे त्याचे ठाम मत होते. ते पटवून देण्यासाठी १८६२ साली त्याने अशी एक गिटार बनवली की तिची पुढची फळी लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. साधारण याच काळात आपल्या मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा सोडून तंबोरे आणि सतारी घडवू लागले होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर लाकडाची तबली, आणि जवारी लावणारा तो कसबी हात! चांगला वादक आणि चांगला कारागीर एकाच काळात जन्मावे लागतात. मिरजेचा तंबोरा नसता तर किराणा घराण्याचा सूर ज्या तेजाने लागला, तसा लागता का? तारेगा आणि तोरेस यांचे नाते तसेच होते. असे सांगतात की, तोरेसने आधी या पोराला दुकानातली साधी गिटार दाखवली, पण त्याचे वादन ऐकल्यावर आतून स्वतःसाठी ठेवलेली आणून हातात दिली. त्या गिटारने तारेगांना पुढची कित्येक वर्षे साथ केली.

१८७४ साली तारेगा माद्रिदच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. तिथे एमिलिओ आरिएता यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. पियानो की गिटार, हा निर्णय आता करायचा होता. पियानोला मान होता, पैसा होता, मोठमोठी सभागृहे होती. गिटारला यातले काही नव्हते. तारेगांनी गिटार निवडली. वडिलांनी घातलेली पियानोची अट मात्र फुकट गेली नाही. पियानोसाठी लिहिलेले संगीत ते सहज वाचू शकत आणि त्याचा उपयोग त्यांनी फार वेगळ्या रीतीने केला. बाख, बेथोव्हन, शोपँ यांच्या आणि आपल्या मित्राच्या, आल्बेनिथच्या, रचना त्यांनी गिटारसाठी उतरवून घेतल्या. पियानोवर दहा बोटांनी होणारे काम गिटारवर उजव्या हाताच्या चार बोटांत बसवायचे; कुठला स्वर ठेवायचा, कुठला सोडायचा आणि सोडूनही ऐकणाऱ्याला उणे वाटू द्यायचे नाही, ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांच्या स्वतःच्या रचनांपेक्षा अशा रूपांतरांची संख्या जास्त आहे. गिटार फक्त साथीची, ही समजूत त्यांनी वादविवाद न करता, वाजवून दाखवून मोडली.

१८८१ साली ते फ्रान्समध्ये लिऑन आणि पॅरिस इथे वाजवून आले. लंडनलाही गेले, पण तिथली भाषा आणि हवा त्यांना मानवली नाही. धुके, थंडी, बोलायला माणूस नाही. मन घराकडे ओढ घेत होते. 'लाग्रिमा', म्हणजे 'अश्रू', ही त्यांची लहानशी रचना या उदासीतून जन्मली असे मानतात. १८८२च्या नाताळात नोवेल्दा गावच्या मारिया होसे रिझो यांच्याशी त्यांचे लग्न झाले. संसार सुरू झाला, पण त्यांची लहानगी मुलगी गेली. त्या दुःखानंतर १८८५ साली त्यांनी बार्सिलोनात कायमचे बिऱ्हाड केले.

तिथे शिकवण्या, अधूनमधून दौरे आणि घरी रोजचा तासन् तास रियाज असे त्यांचे आयुष्य चालले. मोठ्या सभागृहापेक्षा घरातल्या बैठकीत, मोजक्या जाणकारांपुढे वाजवणे त्यांना आवडे. गिटारचा आवाज मुळात लहान, आणि त्या काळी माइक नव्हता. खोलीत चार माणसे शांत बसली की त्यांच्या गिटारची खरी किंमत कळे. कोंचा मार्तिनेस नावाच्या एका श्रीमंत विधवा बाईने त्यांच्या कुटुंबाला राहायला घर दिले. त्यांच्या गाजलेल्या बऱ्याच रचना त्या घरात झाल्या. आपल्याकडे इचलकरंजी, मिरज, कुरुंदवाडच्या संस्थानिकांनी गवयांना पोसले, तसाच तोही प्रकार होता.

याच बाईंबरोबर तारेगा ग्रानादा शहरी गेले. तिथे अलहंब्रा नावाचा मुस्लिम राजांच्या काळातला लाल दगडामातीचा भव्य राजवाडा आहे. आत नक्षीदार कमानी, चौक, हौद आणि सतत उडणारी कारंजी. तिथून परतल्यावर त्यांनी जी रचना केली, तिचे नाव 'रेकुएर्दोस दे ला अलहंब्रा', म्हणजे 'अलहंब्राच्या आठवणी'. गिटार शिकणारा जगातला प्रत्येक माणूस एक ना एक दिवस या रचनेपाशी येऊन थांबतो.

तिची खुबी अशी आहे. गिटारची तार छेडली की स्वर लगेच विरू लागतो. सारंगीसारखा किंवा गळ्यासारखा तो लांबवता येत नाही. मग लांब स्वर काढायचा कसा? तारेगांनी यात अंगठ्याला खालच्या तारांवर सावकाश चालायला लावले आणि तो एकदा पडला की अनामिका, मधले बोट आणि तर्जनी यांनी लागोपाठ वरची एकच तार छेडायची, अशी योजना केली. अंगठा एक, बोटे तीन. हे चक्र इतके जलद आणि इतके समान चालते की तुटक ठोके कानाला कळेनासे होतात आणि एक अखंड, थरथरता स्वर ऐकू येतो. सतारीच्या झाल्यात चिकारीवर आणि बाजाच्या तारेवर आघातांची जी लड लागते, ती आठवावी. फक्त इथे नखी नाही आणि घाईचा भासही नाही. अनेकांना त्यात अलहंब्राच्या कारंज्यांचे पाणी ऐकू येते. शिकणाऱ्याला मात्र त्यात आधी स्वतःच्या बोटांतले दोष ऐकू येतात. तिन्ही बोटांचे वजन सारखे पडेपर्यंत महिनोन् महिने हे चक्र संथ लयीत घोटावे लागते. तबल्यावरचा 'तिरकिट' सुटा वाजतो आहे की गोळा होतो आहे, हे जसे लय वाढवल्यावर उघडे पडते, तसेच हे.

आता १९०२ साल. याच वर्षी 'ग्रान वाल्स' ही रचना झाली, जिच्यातला तुकडा ९२ वर्षांनी, १९९४ च्या सुमारास, फोनमध्ये शिरला. पण वादकांच्या दृष्टीने त्या सुमाराची मोठी घटना दुसरीच आहे. तारेगांनी उजव्या हाताची नखे कापून टाकली!

हे ऐकायला किरकोळ वाटेल. बोटांनी गिटार वाजवणारे बहुतेक जण नख थोडे वाढवतात, कारण नखाने आवाज मोठा आणि लखलखीत येतो. पन्नाशीला आलेल्या, नाव झालेल्या वादकाने नख काढायचे म्हणजे आपल्या हाताने आपला आवाज लहान करून घ्यायचा, आणि तीस-चाळीस वर्षांची बोटांची सवय मोडून नव्याने बसवायची. त्या काळी वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. बोटाच्या नुसत्या मांसल पेराने ती तार छेडली की आवाज लहान येतो, पण गोल आणि उबदार येतो. तारेगांना तो हवा होता. त्यासाठी मोठ्या आवाजावर पाणी सोडायला ते तयार झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी इटलीचा दौरा केला आणि रोम, नेपल्स व मिलान इथे रसिकांनी त्यांचे मनापासून कौतुक केले.

जानेवारी १९०६ मध्ये घाला पडला. त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताच्या चार बोटांसाठी सगळे आयुष्य वेचले, तोच हात गेला. आपण असतो तर गिटार कपाटावर ठेवून दिली असती. तारेगा पुन्हा पहिल्या धड्यापासून बसले. हळूहळू बोटे थोडीफार वळू लागली आणि ते पुन्हा लोकांसमोर वाजवू लागले. पूर्वीचा हात मात्र पूर्णपणे परत आला नाही. २ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी 'ओरेमुस' ही शेवटची रचना पुरी केली आणि त्यानंतर तेरा दिवसांनी, १५ डिसेंबर रोजी, बार्सिलोनात वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या अस्थी कास्तेयोनला, बालपणीच्या गावी, नेण्यात आल्या.

तारेगांनी शिकवण्याचे पुस्तक लिहून ठेवले नाही. त्यांची विद्या शिष्यांच्या हातांतून पुढे गेली. मिगेल ल्योबेट यांनी ती देशोदेशी नेली. एमिलिओ पुजोल यांनी गुरूची पद्धत अनेक खंडांत लिहून काढली, गुरूचे चरित्र लिहिले आणि नखाविना वादनाचा वसा शेवटपर्यंत सांभाळला. आंद्रेस सेगोव्हिया हे काही तारेगांचे शिष्य नव्हते आणि ते नखानेही वाजवत. पण तारेगांच्या रचना त्यांनीच जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत पोचवल्या. घराणे म्हणजे तरी दुसरे काय? शिष्याने गुरूचे जपायचे, आणि बाहेरच्याने त्यातले चांगले उचलून आपल्या रीतीने गायचे.

डाव्या पायाखाली छोटे पाऊलपाट ठेवून, गिटार डाव्या मांडीवर घेऊन बसायची जी बैठक आज शिकवतात, ती त्यांच्या परंपरेतून रूढ झाली. आपल्या भागातली मुले आता गिटार शिकू लागली आहेत. बेळगाव-कोल्हापूरला क्लासला जातात, नाहीतर घरी मोबाईलवर पाहून शिकतात. आईवडिलांना वाटते, चार गाणी आली की झाले. त्यांनी मुलांना साथीबरोबर बोटांनी वाजवण्याचाही नाद लावावा. सुरुवातीला 'लाग्रिमा' उत्तम. दोन पानांच्या आत मावते. पहिला भाग शुद्ध गंधाराचा, प्रसन्न. दुसऱ्या भागात गंधार कोमल होतो आणि तेच सूर एकदम डोळ्यांत पाणी आणतात. आपल्या कानांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण तो आपण भजनातून आणि नाट्यगीतांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिकताना अंगठ्याची चाल आधी पक्की करावी, वरची बोटे नंतर मिळवावीत आणि लय संथ ठेवावी.

ज्यांना वाजवायचे नाही, त्यांनी ऐकावे. गणेशोत्सवात डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि घरातली म्हातारी माणसे कानांत बोळे घालून बसतात, हे आपण दरवर्षी पाहतो. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या या देवतेसमोर एखादी संध्याकाळ लहान आवाजालाही द्यायला काय हरकत आहे? मंडळाच्या कार्यक्रमांत एक तास असा ठेवावा. गावातल्या मुलामुलींपैकी कुणी सतार, कुणी संवादिनी, कुणी गिटार घेऊन बसावे. माइक बेताचा ठेवावा आणि समोरच्यांनी शांत बसून ऐकावे. यंदाच्या आरतीनंतर याचा विचार जरूर व्हावा, एवढीच मंडळाला विनंती.

गणपती बाप्पा मोरया!